शोधनिबंधाची परीक्षा : समाजशास्त्रीय नियतकालिकांचा उगम आणि आपले कार्य

१. विषयाचे प्रयोजन

समाजाविषयी बोलण्याचा प्रसंग धर्मगुरूंवर आणि धर्मशिक्षकांवर दर आठवड्यास येतो. तरुण पिढी धर्मापासून दूर चालली आहे, एकत्र कुटुंबे मोडत आहेत, हुंड्याची चाल वाढत आहे, अशी विधाने आपण प्रवचनात व शिकवणीत सहज करतो. श्रोते ती आदराने ऐकतात. त्यांतील एखादे विधान खरे कशावरून, किती कुटुंबे पाहून आपण ते केले, असे विचारण्यास मंदिरात कोणी उभे राहत नाही. समाजशास्त्राच्या नियतकालिकाकडे जो निबंध जातो त्यातील प्रत्येक विधानास मात्र हाच प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो, आणि विचारणाऱ्यास लेखकाचे नाव अथवा पद ठाऊक नसते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या संविधानात, मेंढपाळीच्या कार्यात ईशज्ञानाच्या तत्त्वांबरोबर मानसशास्त्र व समाजशास्त्र यांच्या निष्कर्षांचाही पुरेसा उपयोग व्हावा, असे सांगितले आहे. हे निष्कर्ष कोठे तयार होतात, कोणत्या परीक्षेतून पार पडतात आणि त्या परीक्षेस आपल्यापैकी कोणी उतरावे की नाही, याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या नियतकालिकांच्या उगमाचा थोडक्यात इतिहास देऊन त्यातून आपल्या कार्याविषयी काय निष्पन्न होते ते पाहणार आहोत.

आम्ही हे संकेश्वराहून लिहीत आहोत. हिरण्यकेशीच्या काठचे हे गाव बेळगाव जिल्ह्याच्या हुक्केरी तालुक्यात, पुणे-बंगळूर महामार्गावर वसले आहे. उत्तरेस निपाणी व कोल्हापूर, दक्षिणेस बेळगाव व धारवाड. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा मुलूख मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला आणि त्या राज्याचेच नाव १९७३ साली कर्नाटक झाले. घरात मराठी व बाजारात कन्नड, किंवा याच्या उलट, हा येथील नित्याचा व्यवहार आहे. आमच्या विषयातील दोन महत्त्वाची नियतकालिके याच महामार्गाने जोडलेल्या मुलखात जन्मास आली असल्याने हे स्थळ वाचकांच्या लक्षात असलेले बरे.

२. पूर्वपीठिका

विद्वानांच्या नियतकालिकाची कल्पना युरोपात सतराव्या शतकात रूढ झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये आरंभिलेले 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे या परंपरेचे एक मूळ होय. समाजशास्त्रास स्वतःचे नियतकालिक मिळण्यास त्यानंतर सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लागला. १८९५ साली शिकागो येथे अल्बियन स्मॉल यांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी' सुरू केले आणि १८९८ मध्ये फ्रान्समध्ये एमील दुर्खीम यांनी 'लाने सोशिऑलॉजिक' हे वार्षिक काढले. स्मॉल यांचे आरंभीचे शिक्षण बॅप्टिस्ट पंथाच्या सेमिनरीत झाले होते. दुर्खीम हे ज्यू धर्मगुरूच्या घराण्यातले होते. दोघांनीही समाजाचे सत्य धर्मपीठाच्या अधिकारावाचून सिद्ध करण्याचा मार्ग पत्करला, ही गोष्ट आपल्यासाठी विचार करण्यासारखी आहे.

आपल्याकडे मुंबईत १८७२ साली जेम्स बर्जेस यांनी 'इंडियन अँटिक्वरी' हे मासिक काढले. शिलालेख, नाणी, लोककथा, जाती आणि चालीरीती यांवरील लेख त्यात येत असत. याच मासिकाच्या मे १९१७ च्या अंकात एका पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मराठी विद्यार्थ्याचा निबंध प्रसिद्ध झाला. तो निबंध डॉ. भीमराव आंबेडकर यांचा होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी त्यांनी तो प्रथम वाचला होता. भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती व विकास हा त्याचा विषय.

या निबंधाची घडण पाहण्यासारखी आहे. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्री. व्यं. केतकर या पूर्वीच्या अभ्यासकांच्या व्याख्या आंबेडकरांनी प्रथम समोर मांडल्या. केतकरांचा जातिविषयक ग्रंथ त्यापूर्वी काही वर्षे, १९०९ साली, अमेरिकेतच प्रसिद्ध झाला होता. प्रत्येकाचे गुण मान्य करून आंबेडकरांनी प्रत्येकातील उणीव दाखविली आणि जातीबाहेर विवाहास मनाई हेच जातीचे मर्म होय, हा स्वतःचा सिद्धान्त पुढे ठेवला. ती मनाई टिकविण्यासाठी विधवा व विधुर यांच्याविषयी समाज काय काय योजना करतो, याचे विवेचन त्यांनी क्रमाने केले. शेवटी त्यांनी असे सांगितले की, आपला सिद्धान्त टिकाऊ नाही असे कोणी दाखवून दिल्यास तो सोडून देण्यास आपण तितकेच तयार आहोत. जातीने ज्याच्या समाजास अस्पृश्य ठरविले त्या विद्यार्थ्याने जातीवर लिहितानाही आपले दुःख हे प्रमाण म्हणून पुढे केले नाही. युक्तिवाद मांडला आणि तो परीक्षेस खुला ठेवला. शोधनिबंध म्हणजे काय, हे याहून स्पष्ट करणारे उदाहरण मराठी माणसाच्या लेखनात आम्हांस सापडत नाही. हेच आंबेडकर पुढे एप्रिल १९२५ मध्ये आमच्या निपाणीस भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून या भागात आले होते.

३. घुर्ये आणि 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन'

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. गेडिस यांनी ज्या तरुणास उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्याकरिता निवडले तो मालवणचा होता, संस्कृतचा पदवीधर होता. गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांनी केंब्रिज येथे रिव्हर्स यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यास केला आणि १९२४ साली मुंबईच्या विभागाची सूत्रे हाती घेतली. त्यांचा जातिसंस्थेवरील प्रसिद्ध ग्रंथ १९३२ मध्ये बाहेर पडला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, के. एम. कापडिया, अ. र. देसाई हे सर्व त्यांचे विद्यार्थी.

तीस वर्षांच्या अध्यापनात या विभागात प्रबंधांमागून प्रबंध सिद्ध झाले. परंतु प्रबंध हा गुरू, विद्यार्थी आणि परीक्षक यांच्यातच राहतो व पुढे ग्रंथालयाच्या कपाटात जातो. एका गावचा अभ्यासक दुसऱ्या गावच्या अभ्यासकास उत्तर देईल, असे स्थान समाजशास्त्राच्या अभ्यासकांस पुरेसे नव्हते. रांचीहून शरच्चंद्र रॉय यांनी १९२१ पासून चालविलेले 'मॅन इन इंडिया' आणि लखनौहून १९४७ मध्ये निघालेले 'ईस्टर्न अँथ्रोपॉलॉजिस्ट' यांचा कल मानववंशशास्त्राकडे अधिक होता. घुर्ये यांनी डिसेंबर १९५१ मध्ये मुंबईत 'इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी' स्थापन केली, आणि मार्च १९५२ मध्ये तिचे मुखपत्र 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' याचा पहिला अंक निघाला. वर्षातून दोन अंक, मार्च व सप्टेंबरात, असा त्याचा क्रम दीर्घकाळ होता. पुढे अंक तीन झाले. घुर्ये १९६६ पर्यंत सोसायटीचे अध्यक्ष राहिले. १९६७ मध्ये अखिल भारतीय समाजशास्त्र परिषद ही दुसरी संघटना सोसायटीत विलीन झाली आणि कारभार मुंबईहून दिल्लीस गेला. आज हे नियतकालिक सेज या प्रकाशनसंस्थेमार्फत निघते आणि सत्तरी ओलांडूनही चालू आहे.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. घुर्ये यांचा स्वभाव करारी, मते ठाम आणि शिष्यांवर वचक मोठा होता. श्रीनिवासांसारख्या शिष्याचे पुढे त्यांच्याशी विचारांत अंतर पडले. तरीही सोसायटी व तिचे नियतकालिक ही दोन्ही त्यांच्या मतांपुरती राहिली नाहीत. १९६७ नंतर सोसायटीची धुरा श्रीनिवासांकडे गेली. गुरूच्या मठाचे रूपांतर सर्वांच्या सभेत होणे हेच नियतकालिकाचे खरे कार्य होय. आपल्या संस्थांना हे कितपत साधते, याचा विचार सुज्ञ वाचकांनी करावा.

४. धारवाड येथील उपक्रम

मुंबई-दिल्लीच्या या कथेत सीमाभागाचे स्थान नाही असे कोणास वाटेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली मुंबईतच स्थापन झाले आणि पुढील वर्षी धारवाडास आले. या विद्यापीठाच्या सामाजिक मानवशास्त्र विभागातून के. ईश्वरन यांनी १९६० मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह सोशिऑलॉजी' हे नियतकालिक सुरू केले. निरनिराळ्या देशांतील समाजांची तुलना हा त्याचा विषय. धारवाडसारख्या गावातून जगभरच्या अभ्यासकांशी पत्रव्यवहार करून असे नियतकालिक उभे करणे त्या काळी सोपे नव्हते. टपाल, टंकलेखन आणि मुद्रण यांखेरीज दुसरे साधन नव्हते. पुढे ते हॉलंडमधील ब्रिल या प्रकाशनगृहाकडे गेले. ईश्वरन स्वतः कॅनडात टोरोंटो येथे प्राध्यापक झाले व १९६६ मध्ये त्यांनी आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासास वाहिलेले आणखी एक नियतकालिक काढले. खेड्यावरील त्यांचा 'शिवापूर' हा ग्रंथ १९६८ चा आहे.

महानगराबाहेरच्या माणसाने प्रतिष्ठित नियतकालिकात लिहिणे हे धाडस मानले जाते. ईश्वरन यांनी तर नियतकालिकच काढले. आमच्या भागातील ज्ञानाची उपेक्षा होते अशी तक्रार करण्यापूर्वी धारवाडचे हे उदाहरण स्मरावे, असे आम्हांस वाटते.

५. धर्मसेवकांचा वाटा

या इतिहासात धर्मगुरूंनीही भाग घेतला आहे. व्हिएन्नाजवळ मोडलिंग येथे ईशवचन संघाचे फादर विल्हेल्म श्मिट यांनी १९०६ मध्ये 'अँथ्रोपोस' हे नियतकालिक स्थापिले. दूरदूरच्या प्रदेशांत काम करणाऱ्या मिशनऱ्यांस तेथील भाषा, विवाह, श्राद्धविधी, दैवते यांची जी प्रत्यक्ष माहिती होती ती शास्त्रीय पद्धतीने नोंदविली जावी आणि विद्वानांपुढे यावी, हा त्याचा मूळ हेतू. याच संघाचे फादर स्टीफन फुक्स १९३४ मध्ये भारतात आले. मध्य भारतातील निमाड भागातील बलाही समाजावरील त्यांचा ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला आणि मुंबईत त्यांनी 'इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन कल्चर' ही संशोधनसंस्था उभी केली.

फ्रान्समधील उदाहरण आपल्या कामास अधिक जवळचे आहे. धर्मसंहितेच्या इतिहासाचे अभ्यासक गाब्रिएल ल ब्रा यांनी १९३१ साली फ्रान्समधील ख्रिस्तसभेच्या इतिहासाला वाहिलेल्या एका नियतकालिकात लेख लिहून प्रश्न केला : आपल्या देशातील लोक प्रत्यक्षात किती व कसे धर्माचरण करतात, हे मोजून पाहण्यास काय हरकत आहे? या एका लेखातून मोठे कार्य निघाले. ग्रामीण भागात सेवा करणारे धर्मगुरू फेर्नां बुलार यांनी खेड्याखेड्यांतून आकडे गोळा करविले आणि १९४७ मध्ये ग्रामीण फ्रान्सचा धर्माचरणविषयक नकाशा प्रसिद्ध केला. देश सरसकट धार्मिक किंवा सरसकट निधर्मी आहे ही दोन्ही मते त्या नकाशाने मागे पडली. शेजारशेजारच्या प्रदेशांत आचरणाचा केवढा फरक असतो आणि तो किती जुना असतो, हे दिसून आले.

अमेरिकेतील कॅथोलिक समाजशास्त्रज्ञांनी १९४० मध्ये काढलेल्या नियतकालिकाच्या नावातच 'कॅथोलिक' हा शब्द होता. १९६४ मध्ये तो शब्द वगळून नाव 'सोशिऑलॉजिकल अॅनालिसिस' झाले आणि १९९३ मध्ये 'सोशिऑलॉजी ऑफ रिलिजन'. हे धर्मापासून दूर जाणे होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. स्वजनांच्या मान्यतेवर विसंबून न राहता इतरांच्याही परीक्षेस उतरण्याची तयारी त्यात होती.

या सर्व उदाहरणांस दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. मिशनऱ्यांच्या नोंदींत पुष्कळदा त्यांना जे बदलावयाचे होते तेच ठळक झाले आणि ज्यात त्यांना रस नव्हता ते निसटले. ज्यांच्याविषयी लिहिले ते लोक स्वतः त्या पानांतून क्वचितच बोलले. आणि ज्या स्थानिक धर्मशिक्षकांनी भाषा समजावून दिली, घराघरांत नेले, माहिती मिळवून दिली, त्यांची नावे बहुधा नोंदली गेली नाहीत.

६. निबंध सादर करण्याची रीत

आता प्रत्यक्ष व्यवहार पाहू. नियतकालिकाकडे पाठविलेला निबंध अन्यत्र छापलेला नसावा आणि एकाच वेळी दोन ठिकाणी विचारार्थ दिलेला नसावा, ही पहिली अट. लेखाची मर्यादा बहुधा सहा ते दहा हजार शब्दांची असते. आरंभी थोडक्यात सारांश व काही बीजशब्द द्यावे लागतात. लेखकाचे नाव, पद व पत्ता वेगळ्या पानावर असतो आणि मूळ मजकुरातून लेखकाची ओळख पटेल असे सर्व उल्लेख काढून टाकावे लागतात.

संपादक प्रथम विषय व दर्जा पाहतात. लेख विचार करण्याजोगा वाटल्यास तो सामान्यतः दोन परीक्षकांकडे जातो. परीक्षकास लेखक कोण हे ठाऊक नसते व लेखकास परीक्षक कोण हे कळत नाही. पूर्वी संपादकाचा निर्णय हाच बहुधा अखेरचा असे. नावे झाकून परीक्षण करण्याची चाल विसाव्या शतकाच्या मध्यापासून समाजशास्त्रात रूढ होत गेली. परीक्षकांचे अभिप्राय येण्यास कित्येक महिने लागतात. निर्णय चार प्रकारचे असतात : स्वीकार, किरकोळ दुरुस्तीनंतर स्वीकार, मोठे फेरलेखन, अथवा नकार. पहिल्याच वाचनात स्वीकार हा अपवाद होय. फेरलेखन करताना परीक्षकांच्या प्रत्येक मुद्द्यास उत्तर द्यावे लागते. मान्य असल्यास दुरुस्ती, नसल्यास कारण.

हल्ली पैसे घेऊन आठ-पंधरा दिवसांत लेख छापून देणारी नियतकालिकेही पुष्कळ झाली आहेत. त्यांच्या नावांत 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द हटकून असतो. जेथे परीक्षा नाही तेथे प्रमाणपत्रास अर्थ नाही, एवढे लक्षात ठेवल्यास फसगत टळेल. तथापि गोपनीय परीक्षणही निर्दोष नाही. परीक्षक आळशी असू शकतो, आकसाने लिहू शकतो, नव्या विचारास घाबरू शकतो. मनुष्याच्या इतर न्यायासनांप्रमाणेच हेही एक अपूर्ण न्यायासन आहे.

७. सीमाभागातील एक उदाहरण

आपल्यापैकी एखाद्यास निबंध लिहावयाचा झाल्यास विषय कोठून आणावा? दूर जाण्याचे कारण नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग कल्पिले. महाराष्ट्र मध्य विभागात येतो, कर्नाटक दक्षिण विभागात. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामेबहिणीशी विवाह चालतो, किंबहुना पसंत केला जातो. आतेबहिणीशी मात्र तो पुष्कळ ठिकाणी टाळतात. कर्नाटकात याखेरीज सख्ख्या मामाशी भाचीचा विवाह होण्याची चालही आढळते. या दोन विभागांची सीमा आमच्याच मुलखातून जाते. तर मग संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लज, चिकोडी या पट्ट्यात ती नेमकी कोठून जाते? भाषेबरोबर जाते की जातीबरोबर? आणि ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांत ती चाल टिकली की बदलली?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे साधन आपल्या कपाटात आहे. धर्मग्रामाच्या विवाह-नोंदवहीत वधूवरांचे गाव, आईबापांची नावे आणि जवळच्या नात्यात विवाह असल्यास मिळालेली सूट यांची नोंद असते. काही ठिकाणच्या जुन्या नोंदी लॅटिन अथवा पोर्तुगीज भाषेत आहेत. बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. त्यापूर्वीचे कागद अन्यत्र असू शकतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

परंतु येथेच शास्त्राची गरज भासते. समजा, एखाद्याने नोंदी मोजल्या आणि १९८३ नंतर नात्यातील विवाहांना दिलेल्या सवलती एकदम कमी झाल्याचे त्यास दिसले. शिक्षणाच्या प्रसाराने जुनी चाल मोडली, असा निष्कर्ष तो आनंदाने काढील आणि प्रवचनातही सांगेल. जाणता परीक्षक मात्र एकच प्रश्न विचारील : या काळात नियम बदलला होता काय? तो बदलला होता. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार ज्यांचे आजोबा अथवा आजी सख्खी भावंडे होती अशा वधूवरांसही सवलत घ्यावी लागे. नोव्हेंबर १९८३ मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेने तो प्रतिबंध सख्ख्या चुलत, मामे, मावस, आते भावंडांपर्यंत मर्यादित केला. तेव्हा सवलतींची संख्या घटणे हा निव्वळ कायद्याचा परिणाम असू शकतो; लोकांचे विवाह पूर्वीप्रमाणेच चालू असतील. दोन्ही संहितांत ज्यांना सवलत लागते तेवढेच विवाह वेगळे काढून मोजल्यावाचून काहीच सिद्ध होत नाही. तसेच ज्यांनी सवलत न मागता अन्यत्र विवाह केला त्यांची नोंद वहीत नाही, हेही सांगावे लागेल.

या लहानशा उदाहरणात शोधनिबंधाचे सर्व घटक आले आहेत : पूर्वसूरींनी मांडलेला प्रश्न, त्याच्या उत्तरासाठी मर्यादित साधन, त्या साधनातील उणिवांची कबुली आणि तेवढ्यापुरताच निष्कर्ष. विद्यापीठातील संशोधकास धर्मसंहितेतील हा बदल ठाऊक असेलच असे नाही. आपणांस तो ठाऊक आहे, पण मोजण्याची शिस्त नाही. दोहोंचा मेळ घालणे हीच या कामी आपली खरी देणगी ठरेल.

८. विश्वासाची मर्यादा

येथे एका गंभीर गोष्टीचा विचार करणे अगत्याचे आहे. समाजशास्त्रज्ञ प्रश्नावली घेऊन दारात येतो तेव्हा घरच्यांना तो कोण हे ठाऊक असते. उत्तर द्यावे की न द्यावे हे त्यांच्या हाती असते. धर्मगुरूपुढे माणूस मन उघडे करतो ते अभ्यासासाठी नव्हे. निपाणीच्या विडी कारखान्यात आयुष्य घालविलेली स्त्री, सौंदत्तीच्या यल्लम्मास सोडलेली व १९८२ च्या देवदासी-प्रतिबंधक कायद्यानंतर नव्याने संसार मांडू पाहणारी स्त्री, कर्जाने पिचलेला शेतकरी, ही माणसे आपणांस जे सांगतात ते आपल्या पदावरील विश्वासाने सांगतात. ते 'साधनसामग्री' म्हणून वापरणे हा विश्वासघात होईल. पापनिवेदनातील शब्दाविषयी तर बोलावयासच नको. तेथे मौन हे निरपवाद आहे. पण त्या बाहेरच्या सल्लामसलतीत, आजाऱ्याच्या खाटेजवळ किंवा कुटुंबाच्या भांडणात कळलेले सुद्धा संशोधनास वर्ज्य मानावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नोंदवहीचा उपयोग करावयाचा तर बिशपांची लेखी अनुमती घ्यावी, नावे गाळून केवळ संख्या घ्याव्या आणि गाव इतके लहान असेल की संख्येवरूनही कुटुंब ओळखता येईल, तर ते गाव अनेक गावांत मिसळून दाखवावे. श्रीनिवासांनी आपल्या अभ्यासाच्या खेड्यास ग्रंथांत 'रामपुर' असे बदललेले नाव दिले होते. मुलाखती घ्यावयाच्या झाल्यास आपण आता धर्मगुरू म्हणून आलेलो नाही, नकार दिल्यास काही बिघडणार नाही, हे आधी सांगावे. आणि ज्यांना आपणास नकार देणे जड जाईल त्यांची मुलाखत दुसऱ्याकडून घ्यावी. धर्मशिक्षकाने काम केले असल्यास निबंधावर त्याचे नाव सहलेखक म्हणून यावे. हा साधा न्याय आहे.

९. भाषा आणि समारोप

अखेरचा प्रश्न भाषेचा. 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' इंग्रजीत निघते, धारवाडचे नियतकालिकही इंग्रजीत. त्यामुळे ज्यांच्याविषयी निबंध लिहिला त्यांना तो वाचता येत नाही. याच सीमाभागातील जमखंडीस जन्मलेले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा आपला संशोधनग्रंथ १९३३ मध्ये मराठीत प्रसिद्ध केला. वाईचे 'नवभारत' आणि 'समाज प्रबोधन पत्रिका' यांनी समाजविषयक गंभीर लेखनास मराठीत स्थान दिले आहे. आमची सूचना अशी की, निबंध कोणत्याही भाषेत प्रसिद्ध झाला तरी त्याचा आशय मराठीत व कन्नडात लिहून संबंधित धर्मग्रामात वाचून दाखवावा. ते लोकही परीक्षकच होत, आणि त्यांच्या दुरुस्त्या पुष्कळदा विद्वानांच्या दुरुस्त्यांहून मोलाच्या ठरतील.

प्रत्येक धर्मगुरूने समाजशास्त्रज्ञ व्हावे असे आमचे म्हणणे नाही. तेवढा वेळ नाही व तो आपल्या सेवेचा मुख्य भागही नाही. तथापि प्रत्येक धर्मप्रांतात दोघा-तिघांनी हे काम अंगावर घ्यावे, सेमिनरीतील विद्यार्थ्यांना एक तरी लहान पाहणी करून ती लिहून काढावयास व सहाध्यायांपुढे तपासून घ्यावयास लावावे, आणि उरलेल्या सर्वांनी व्यासपीठावरून समाजाविषयी विधान करण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःस विचारावे की, हे विधान नाव झाकून परीक्षकाकडे पाठविले तर टिकेल काय? आंबेडकरांनी पंचविसाव्या वर्षी आपला सिद्धान्त मांडताना तो सोडण्याची तयारी दाखविली. सत्याची सेवा करण्याचे व्रत घेतलेल्या आपणांस त्याहून कमी तयारी शोभणार नाही.